जादाचा कप

१

कोर्टाची वेळ दुपारी दोनची होती आणि आत्ता कुठे नऊ वाजले होते. तेव्हा मुबेरानं ठरवून टाकलं, की तोवर दोघींनी पाहुण्यांसारखं गाव बघायचं आणि पोटभर खायचं.

"सेया, घरात बसून घड्याळाकडे बघत राहिलीस तर आजारी पडशील," ती म्हणाली. सेया म्हणजे थोरली बहीण. हांका एकसष्टची, मुबेरा तिच्याहून चार वर्षांनी धाकटी. पण लहानपणापासून ठरवायचं धाकटीनं आणि निस्तरायचं थोरलीनं, असाच त्या घरचा रिवाज. सत्तावीस वर्षं तिकडे स्वीडनमध्ये, माल्मोत काढूनही मुबेराच्या स्वभावात तसूभर फरक पडला नव्हता.

हांकाला कामेनिकचं कसलं आलंय अप्रूप? जन्म तिथला, नोकरी तिथल्याच पोस्टात. किल्ल्यावर ती शेवटची गेली तेव्हा शाळेत असेल. तरी मुकाट्यानं निघाली. नाही म्हणायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते, तेवढीसुद्धा तिच्यात नव्हती. मुबेरा आल्यापासून चार दिवस तिला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की गाल कसा परक्याचा होतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

सगळं इझेतपायी. इझेत त्यांचा धाकटा भाऊ. युद्धाची साडेतीन वर्षं त्या पठ्ठ्यानं अंगावर ओरखडा न येऊ देता काढली. सगळं शांत झालं, काचा बसल्या, दुकानं उघडली, आणि दोन हजार सालच्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी सकाळी, मुबेराही सुट्टीला आलेली असताना, पाव आणायला म्हणून जो गेला, तो गेलाच. एकतीस वर्षांचा होता. नदी चाळून झाली, पोलीस झाले, इस्पितळं झाली. त्याला साडेएकोणीस वर्षं झाली होती.

घर तिघांच्या नावावर. छप्पर गळतं, आणि हांकाचे गुडघे आता जिना चढायला तयार नाहीत. मुबेरा तिला माल्मोला न्यायलाच आली होती. पण घर विकायचं तर इझेत मेला असं आधी कोर्टानं म्हणायला हवं, आणि कोर्टानं म्हणायचं तर बहिणींनी शपथेवर सांगायला हवं. तीन महिन्यांपूर्वी पेपरात आणि कोर्टाच्या फळ्यावर नोटीस लागली होती. इझेत बुक्वा याच्याविषयी ज्याला काही ठाऊक असेल त्यानं, किंवा खुद्द त्यानं, या कोर्टास कळवावे. मुदत आज संपत होती.

"खुद्द त्यानं म्हणे!" मुबेरा पहिल्या दिवशी हसली होती. "वाचन कधी केलंय त्या गाढवानं? फुटबॉलच्या निकालापलीकडे पेपर उघडला नाही."

झऱ्याकाठच्या अक्रोडाखाली त्या कॉफीला बसल्या. म्हाताऱ्या वेटरनं तांब्याचं तबक आणून ठेवलं. कॉफीचं लांब दांड्याचं भांडं, साखरेचे खडे आणि बिनकानाचे तीन कप.

"अगंबाई, आता हॉटेलातपण जादाचा कप?" मुबेरा म्हणाली. "हे आपल्या घरातलं ना, सेया?"

कामेनिकच्या प्रत्येक घरात कॉफीच्या तबकात एक कप जादाचा असतो. कोणी अचानक आलं तर त्याला, तू मोजणीत नव्हतास, असं वाटू नये. हांकाच्या आईचा मात्र त्यात एक कडक नियम होता: कप मांडायचा, भरायचा नाही. माणूस उंबऱ्यात दिसला की मगच भरायचा. एकोणीस वर्षं हांकानं रोज सकाळी तो कप मांडला होता आणि रोज कोरडाच उचलून ठेवला होता.

आज तिनं भांडं उचललं, मुबेराचा कप भरला, आपला भरला आणि तिसराही भरला.

"सेया, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"तिसरा भरलास."

हांकानं बघितलं. खरंच भरला होता, अगदी काठोकाठ, वर फेसही बेताचा. हात सवयीनं पुढे गेला असेल, पण ही सवय तर तिची नव्हती. कॉफी पुन्हा भांड्यात ओतता येत नाही.

"जाऊ दे," मुबेरा म्हणाली. "चल, मासे बघू."

त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी इतकं नितळ, की ट्राउट मासे हवेत टांगल्यासारखे दिसत होते. मुबेरानं पाच-सहा फोटो काढले. परत येऊन बघतात तो तिसरा कप अर्धा झाला होता. बशीत साखरेचा एक खडा पडला होता. त्याचा कोपरा कॉफीत बुडवून तपकिरी झालेला, आणि तेवढाच दातानं तोडलेला.

इझेत अशीच प्यायचा. कोपरा बुडवायचा, तोडायचा, दाढेत धरायचा आणि त्यावरून कॉफी ओढायचा. पण त्यात काय? गावातली अर्धी म्हातारी माणसं तशीच पितात. मात्र हांकाला मधुमेह, आणि मुबेरा साखरेला शिवत नाही.

"चिमण्यांनी टोचलं असेल," मुबेरा म्हणाली, आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

चिमण्यांना दात नसतात, हे हांकाच्या मनात आलं.

२

किल्ल्याच्या दाराशी खोक्यात एक बाई लोकरीचे मोजे विणत बसली होती. तिनं सुया न थांबवता तीन तिकिटं फाडली.

"आम्ही दोघीच आहोत," मुबेरा म्हणाली.

"आणि वर गेलेले? म्हणाले, मागून दोन बायका येतायत, त्या देतील."

"कोण वर गेलंय?"

"मी काय नाव विचारू? तिकीट काढायला बसलेय, सोयरीक जुळवायला नाही." बाईनं चष्म्यावरून बघितलं. "मला वाटलं तुमच्यातलेच."

"बघ, सेया, कुणीतरी फुकट्या आपल्या नावावर घुसला," मुबेरा म्हणाली. एरवी तिनं अर्धा तास हुज्जत घातली असती. माल्मोत राहून तिला पै-पैची चाड आली होती. आज तिनं तीनही तिकिटांचे पैसे निमूट ठेवले आणि पुढे झाली. हांकाला त्याचं नवल वाटायला हवं होतं. तिनं फक्त ते लक्षात घेतलं.

वर बुरुजात जुन्या पद्धतीची बैठकीची खोली मांडून ठेवली आहे. भिंतीकडेनं लाकडी बैठक, तिच्यावर लाल गालिचे, कोपऱ्यात मातीची शेगडी, फळीवर तांब्याची भांडी. कोणी बसू नये म्हणून मध्ये दोर बांधलेला. खिडक्या बारीक, त्यामुळे भर सकाळी आत संध्याकाळसारखं. दोघींशिवाय कोणी नव्हतं, आणि खोलीला जिना एकच, तोही त्या आत्ता चढून आल्या होत्या, हांका तर दर चार पायऱ्यांना थांबत.

"फुकट्या गेला कुठे मग?" हांकानं विचारलं.

"तटावर गेला असेल."

"तटाचं दार बंद आहे. कुलूप आहे, बघ."

मुबेरानं कुलपाकडे बघितलं नाही. ती भांड्यांचे फोटो काढत होती.

खिडकीजवळच्या गालिच्यावर एक खळगा होता. नुकतंच कोणी उठलं की गादी जशी काही वेळ दबलेली राहते, तसा. हांका बघत असताना तो हळूहळू भरून येत होता. गालिचे जुने, आत गवत भरलेलं. गवत आपलं आपण हलतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिच्या आजीकडच्या गाद्याही रात्री कुरकुरायच्या.

मग शेगडीकडून आवाज आला. कट्. बारीक, कोरडा. दाढेखाली साखरेचा खडा फुटतो तेव्हा होतो, तो. आणि पाठोपाठ दातांतून काहीतरी ओढून घेतल्याचा.

मुबेरा मोठ्यानं खोकली.

"लाकूड उलतंय," ती म्हणाली. "थंडी पडायला लागली ना."

हांकानं मान हलवली. ऑक्टोबर होता, लाकूड उलू शकतं. खाली उतरताना मुबेरा मागून चालत होती, अगदी खेटून, आणि तिचा हात हांकाच्या पाठीवर होता. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला आधार द्यावा तसा तो हात नव्हता, तो तिला पुढे ढकलत होता.

३

चेवापी, म्हणजे कोळशावर भाजलेले खिम्याचे बोटाएवढे तुकडे, खायला त्या पुलाखालच्या जुन्या दुकानात गेल्या. धूर, कोळसा, कांदा. त्या वासानं मेलेल्यालाही भूक लागेल, असं इझेत म्हणायचा. हांकाला ते आठवलं, आणि आठवून काहीच झालं नाही. भूकही नव्हती.

"मला दहा, हिला पाच," मुबेरानं सांगितलं. "आणि दोन ग्लास दही."

वाढणारी बाई चाळिशीची, गोल चेहऱ्याची, कपाळावर घाम. तिनं तीन ताटं आणली. एक दहाचं, एक पाचाचं आणि एक आणखी दहाचं. तिसऱ्यातला पाव रश्श्यात बुडवून मऊ केलेला, आणि ताटात कांद्याचा तुकडाही नाही.

कांद्याशिवाय चेवापी खाणारा माणूस हांकानं आयुष्यात एकच बघितला होता. त्यावरून घरात त्याची टर उडायची. आई म्हणायची, हा पोरगा इस्पितळात बदलला गेला.

"हे कोणी मागवलं?" हांकानं विचारलं. आपला आवाज तिला दुरून आला.

"तुमच्याबरोबर आलेत त्यांनी. हात धुवायला गेलेत." बाईनं मागच्या बोळाकडे हनुवटी केली. "तुमचे चिरंजीव ना? नाक अगदी तुमचंच हो."

हांकानं लग्न केलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी कोणी इझेतला तिचा मुलगा म्हटलं असतं, तर तिनं ताट फेकून मारलं असतं. पण एकसष्टच्या बाईबरोबर एकतीसचा माणूस दिसला, तर लोक दुसरं काय म्हणणार? तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ती बरोबर आली. तिथेच तिच्या बोटांना मुंग्या आल्या.

बोळात पाण्याचा नळ सुरू होता. तो इथून ऐकू येत होता.

"बस खाली," मुबेरा म्हणाली.

"मी बघून येते."

"सेया, बस म्हणते ना! चुकून दुसऱ्याचं ताट आलंय. आपण खाऊ या आणि निघू या." तिनं तिसरं ताट ओढलं आणि त्यातला एक तुकडा तोंडात कोंबला, मग दुसरा. चावत होती, पण गिळत नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं.

हांका उठली. बोळ चार पावलांचा, टोकाला बेसिन आणि त्याच्या वर आरसा लावायचे नुसते खिळे. नळ धो धो वाहत होता. टॉवेल ओला होता, साबणावर फेस होता आणि तो अजून फुटत होता. मागचं दार नव्हतं, खिडकी वीतभर. हांकानं नळ बंद केला. नळाची मूठ गरम लागली, हातात धरून ठेवल्यासारखी.

"इझेत," ती हळूच म्हणाली. "येतोस तर नीट ये की रे."

दुकानात भांडी वाजली. बेसिनच्या जाळीत पाणी एकदा गुळगुळलं आणि थांबलं. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिला वाटलं की आपल्या मानेमागे कोणीतरी, कांदा न खाल्लेल्या तोंडानं, श्वास सोडतंय. ती वळली नाही. तशीच, समोर बघत, उलट्या पावलांनी बाहेर आली.

टेबलाशी मुबेरानं पैसे ठेवले होते आणि कोट चढवला होता. तिसरं ताट स्वच्छ होतं. चाटूनपुसून.

"तू खाल्लंस?" हांकानं विचारलं.

"हो," मुबेरा म्हणाली. तिच्यासमोरचं तिचं स्वतःचं ताट तसंच होतं.

४

दीड वाजला होता. बाजारपेठेतून कोर्टाकडे चालत दहा मिनिटं. मध्ये अक्रोड भरलेलं पाकातलं सफरचंद खायचं ठरलं होतं, माल्मोत म्हणे ते स्वप्नात येतं. मुबेरा त्या दुकानावरून तशीच पुढे गेली.

"मुबेरा, शपथेवर विचारतील. शेवटचं कधी पाहिलंत, असं."

"एप्रिल, दोन हजार, गुरुवार. इतकी वर्षं हेच सांगतोय ना आपण?"

"आणि आज?"

"आज काय? पाहिलंस तू त्याला?" मुबेरा थांबली. "कप पाहिलास, ताट पाहिलंस, ओला टॉवेल पाहिलास. माणूस पाहिलास का? नाही ना? मग खोटं कुठे आहे त्यात?"

"टॉवेल ओला होता, हे तुला कुणी सांगितलं? तू बोळात आलीच नाहीस."

मुबेरानं हांकाचा दंड धरला आणि चालायला लागली.

पूल आला. पलीकडच्या टोकाला न्हाव्याचं दुकान, दार सताड उघडं, आत भिंतभर आरसा.

"मागे बघू नकोस, सेया."

"का?"

"नको म्हणते ना. तुझ्या पाया पडते."

हांकानं मागे बघितलं नाही. पण न्हाव्याच्या दारावरून जाताना आरशाकडे नजर गेलीच. आरशात दोन म्हाताऱ्या बायका होत्या, एकमेकींना धरून चालणाऱ्या. त्यांच्या मागे, पुलाच्या कठड्याला टेकून, पाठमोरा एक माणूस नदी बघत उभा होता. केस ओले. बगलेत कागदात गुंडाळलेला पाव, त्यातून वाफ निघत होती. मानेवरचे केस ताजे कापलेले, आणि एका कानाच्या वर कात्री वाकडी गेलेली.

त्या बुधवारी रात्री स्वयंपाकघरात हांकानंच त्याचे केस कापले होते. हसताना हात हलला होता. सकाळी मी न्हाव्याकडे जाऊन ते सरळ करून घेईन, असं तो म्हणाला होता.

तिला आनंद व्हायला हवा होता. एकोणीस वर्षं तिनं देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. तिनं वळायला हवं होतं, धावायला हवं होतं, त्याला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. पण आतून एकच गोष्ट वर आली, थंडगार, आणि ती ओळखायला तिला वेळ लागला. ती भीती होती. त्याच्यासाठी अजून तोच गुरुवार होता. तो आत्ता वळेल आणि या म्हातारीला बघेल आणि विचारेल, हांका कुठे आहे?

तिच्या पायांनी तिला न विचारता वेग घेतला.

५

कोर्टाची खोली दुसऱ्या मजल्यावर, बुटकी, हिरव्या रंगाची. न्यायाधीश बाई तरुण होत्या, त्यांना सर्दी झाली होती. एक टायपिस्ट, दाराशी एक शिपाई. बहिणींसाठी टेबलापुढे खुर्च्या मांडल्या होत्या. तीन.

"ही एक काढा की," मुबेरा शिपायाला म्हणाली.

"तुम्ही तिघं ना अर्जात?" शिपाई म्हणाला, आणि खुर्ची होती तिथेच राहिली.

शपथ झाली. मुबेरानं आधी सांगितलं: एप्रिल, गुरुवार, पाव. टायपिस्टनं टकटक केली. मग हांका उभी राहिली. गुडघे दुखत असतील, पण तिला ते कळत नव्हतं.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होता. हांकाला दिसलं की हे एक वाक्य बोललं की संपलं. आणि दुसरं बोललं तर ही बाई नाक पुसत आपल्याकडे बघेल, डॉक्टरला बोलावेल, घर विकायचं राहील, आणि ती त्या घरात परत जाईल. एकटी नाही. रोज सकाळी तबक मांडायचं, आणि समोर कोण बसलंय त्याच्याकडे बघायचं नाही.

"एप्रिलमध्ये," ती म्हणाली. "दोन हजार साली. गुरुवारी."

"त्यानंतर काही पत्र, फोन, निरोप? कोणी पाहिल्याचं कानावर?"

"नाही."

सही करून ती खाली बसली. सही चांगली आली, पोस्टात तीस वर्षं केलेली.

"आता एक उपचार," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "नोटिशीची मुदत आज संपते, तर नाव पुकारावं लागतं." त्यांनी शिपायाला खूण केली.

शिपायानं दार उघडलं आणि बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्यात, रोजच्या कंटाळलेल्या आवाजात ओरडला, "इझेत बुक्वा! मुस्तफाचा मुलगा इझेत बुक्वा हजर आहे?"

व्हरांड्यात लाकडी बाक होता. तो करकरला, माणूस उठल्यावर करकरतो तसा. मग पावलं आली, ना भराभर, ना रेंगाळत. ताज्या पावाचा वास खोलीत शिरला. टायपिस्टनं मान वर केली.

शिपाई बाहेर बघत होता. "बाई, एक जण आहेत," तो म्हणाला. "म्हणतात, कोर्टानं बोलावलंय. सोडू का आत?"

न्यायाधीश बाईंनी कागद खाली-वर केले. "तुमचं कोणी आहे का?" त्यांनी बहिणींना विचारलं.

मुबेरानं डोळे घट्ट मिटले होते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिनं टेबलाखाली हांकाचा हात इतका दाबून धरला होता की हाडं एकमेकांवर घासली. चार दिवसांत हांकाला पहिल्यांदा दुखलं. आणि त्या दुखण्याबरोबर सगळंच परत आलं: त्याचं हसणं, ओल्या केसांचा वास, तो इतकुसा असताना आपल्या कडेवर झोपून जायचा ते. कडेवरचं ते वजनसुद्धा. तो त्या दाराच्या पलीकडे होता, सहा पावलांवर. तोंड उघडलं की झालं.

"नाही," हांका म्हणाली. "आमचं कोणी नाही. दार लावून घ्या."

शिपाई बाहेर वाकून म्हणाला, "अहो, हे तुमचं प्रकरण नाही." त्यानं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

न्यायाधीश बाईंनी निकाल सांगायला सुरुवात केली. टायपिस्टची टकटक सुरू झाली. तिच्या आडून हांका कान देऊन ऐकत राहिली. पावलं जिन्याकडे जातील म्हणून तिनं वाट बघितली. निकाल संपला, शिक्का बसला, बाईंनी खूप सहानुभूतीनं दोघींशी हात मिळवला. पावलं गेली नाहीत. बाक पुन्हा एकदा करकरला, कोणी परत टेकून बसल्यासारखा.

"या आता," शिपाई म्हणाला आणि कडीला हात घातला.

त्या खोलीला दार एकच होतं.